बसा, या, येतो

मी मराठी शिकवते. शाळेत नाही, मोठ्या माणसांना. बदली होऊन पुण्यात आलेली, घरात दुसरीच भाषा बोलणारी, कामाच्या जागी मराठीवाचून अडणारी माणसं संध्याकाळी माझ्याकडे येतात. त्यांतले एक चेन्नईचे बँक अधिकारी. पन्नाशीचे, अतिशय अभ्यासू. विभक्तीचे प्रत्यय, तिन्ही लिंगं, 'मला आवडतं' आणि 'मी आवडतो' यांतला घोळ, सगळं त्यांनी तीन महिन्यांत निस्तरलं होतं. एके दिवशी वही उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, 'बसा' हा शब्द वाईट आहे का?"

झालं होतं असं, की सकाळी त्यांच्या केबिनमध्ये एक आजोबा पेन्शनचं काम घेऊन आले. हे म्हणाले, "बसा." आजोबांचा चेहरा उतरला. "मी उभाच बरा आहे," म्हणाले आणि काम होईपर्यंत खरंच उभे राहिले.

"तुम्ही कसं म्हणालात? अगदी तसंच म्हणून दाखवा."

त्यांनी म्हणून दाखवलं. ब आणि सा, दोन्ही एकाच उंचीवर, दोन्ही आखूड, आणि 'सा' संपल्याबरोबर दार लावल्यासारखा आवाज बंद. दंगा करणाऱ्या वर्गाला मास्तर म्हणतात तसं. शब्द बरोबर होता, आदरार्थी होता, व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आणि तरीही आजोबांना जे ऐकू आलं ते 'गप बसा' यातलं 'बसा' होतं.

मी त्यांना आपण म्हणतो तसं म्हणून दाखवलं. 'ब' खाली, हलका, जवळजवळ गिळलेला. 'सा' लांब, थोडा वर चढणारा आणि टोकाशी किंचित वळून खाली येणारा. बसाऽ. मी तीनदा म्हटलं, त्यांनी तीनदा म्हटलं. मग त्यांनी वहीत 'बसा' लिहून त्याच्या डोक्यावर चढत जाऊन वळणारी एक रेघ काढली. ती रेघ पाहून मला जाणवलं, की आत्ता मी भाषा शिकवत नव्हते, चाल शिकवत होते. एवढ्याशा शब्दाला चाल होती, ती मला जन्मापासून येत होती, आणि ती कुठल्याही पुस्तकात मी त्यांना दाखवू शकत नव्हते.

या चालीला आपल्याकडे शब्द आहे, आणि तो फार सुंदर आहे: हेल. मालवणी हेल, वऱ्हाडी हेल, कोल्हापुरी हेल. एसटीच्या मागच्या सीटवर बसून शब्द कळत नसतानाही गाडी कुठल्या मुलखात शिरली ते सांगता येतं ते या हेलामुळे. माझी आजी राजापूरकडची. तिचं बोलणं शेजारच्या खोलीतून, भिंतीपलीकडून ऐकू यायचं तेव्हा शब्द सगळे भिंतीत विरून गेलेले असायचे आणि नुसता हेल इकडे पोचायचा. पण तेवढ्यावरून आम्हा भावंडांना कळायचं, की ती रागावली आहे, की कुणाची बातमी सांगते आहे, की फोनवर मामाशी बोलते आहे. मामाशी बोलतानाचा तिचा हेल वेगळाच होता. वाक्याचं शेपूट लांब, आणि मध्येमध्ये 'हं' चा टेकू.

त्या 'बसा'नंतर मला एक नादच लागला. आपण बोलण्याविषयी बोलताना किती शब्द गाण्याकडून घेतो ते मी टिपू लागले. कुणी वरच्या पट्टीत बोलतं. कुणी तक्रारीचा सूर लावतं. दोघांचे सूर जुळतात. एखाद्याचं नेहमीचं पालुपद असतं. कुणी दुसऱ्याची री ओढतं, कुणी आपलंच तुणतुणं वाजवत बसतं. यातला कुठलाही वाक्प्रचार वापरताना आपल्या मनात गाणं नसतं, इतके ते बोलण्याचे होऊन गेलेत. मग उलट बाजूने पाहिलं तर आणखीच मौज. गाण्याने तर आपलं सगळं घर भाषेच्या सामानावर उभारलं आहे. तबल्यावर वाजतात ते बोल. गायक घेतो ती बोलतान. गाण्यालाही पद म्हणतात आणि व्याकरणातल्या शब्दालाही पद. अलंकार कवितेलाही असतात आणि पहिल्या वर्षाला पेटी घेऊन बसलेल्या मुलीच्या वहीतही असतात. रागातला मुख्य स्वर तो वादी, म्हणजे बोलणारा. त्याच्याशी जुळवून घेणारा तो संवादी. त्यांच्या मागून बोलणारे ते अनुवादी, आणि रागात भांडण लावून देणारा तो विवादी. सगळ्यांच्या मुळाशी एकच धातू, वद्, बोलणे. राग म्हणजे एका बैठकीत जमलेली माणसंच आहेत असं ही नावं ठेवणाऱ्याला दिसलं असणार.

आणि 'स्वर' हा शब्द घ्या. अ, आ, इ हे स्वर. सा, रे, ग हेही स्वर. वेदपाठात अक्षर चढं म्हणायचं, उतरतं म्हणायचं की चढवून उतरवायचं, त्या उदात्त, अनुदात्त, स्वरितालाही स्वरच म्हणतात. एका शब्दाचे हे तीन अर्थ योगायोगाने एकत्र आले असं मला वाटत नाही. व्यंजनावर सूर धरून ठेवणं कठीण. 'क्' धरून ठेवून बघा, किंवा 'ट्'. तो उमटतो आणि संपतो. धरून ठेवता येतो तो स्वर, म्हणून तर आलापीत आकार आणि इकार असतात. व्यंजन म्हणजे टिपरीचा आघात आणि स्वर म्हणजे त्यानंतर हवेत राहणारा नाद. गल्लीतून जाणारा भाजीवाला हे कुणी न शिकवता जाणतो. तो 'कांदे' असं म्हणत नाही, 'कांऽऽदेऽऽय' म्हणतो, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचतो तो त्यातला 'आऽ' आणि 'एऽ'. ती हाक बोलणं आहे की गाणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या पदरी, राजा सिंघणाच्या काळात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. संगीताचा एवढा मोठा ग्रंथ, पण तो नादाची थोरवी सांगायला लागतो तेव्हा भाषेतून जातो: नादातून वर्ण प्रकट होतो, वर्णातून पद, पदातून वाणी, आणि वाणीवर जगाचा सगळा व्यवहार चालतो, म्हणून जग नादाच्या अधीन आहे. आज आपण छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळला जाताना ज्या किल्ल्याला वळसा घालून जातो, तिथे बसून कुणी तरी हे म्हटलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण हे सगळं शब्दांचं झालं. मला खरा साक्षात्कार झाला तो तबल्याच्या वर्गात.

चाळिशी उलटल्यावर मी तबला शिकायला लागले. आमचे सर सत्तरीचे. पहिले दोन महिने त्यांनी मला तबल्याला हात लावू दिला नाही. हाताने टाळी धरायची आणि तोंडाने म्हणायचं. पढंत. "जे तोंडातून येत नाही ते बोटातून येणार नाही. म्हणा." मी म्हणायचे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे हात उलटा करून हवेतच सोडायचा. मग कायदा आला. दिल्लीचा तो सगळ्यांना आधी शिकवतात तो:

धा धा ति ट धा धा तिं ना
ता ता ति ट धा धा धिं ना

कायदा या शब्दातच नियम आहे. यात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, बाहेरचा पाहुणा आणायचा नाही. त्यांची उलटापालट करून पलटे बांधायचे आणि शेवटी तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून, समेवर, पहिल्या मात्रेवर, यायचं. मूठभर बोल आणि काही नियम यांतून सर अर्धा तास न थांबता नवी नवी वाक्यं काढत. मी मनात म्हणायचे, हे तर मी रोज संध्याकाळी शिकवते. माझे विद्यार्थीही दोनशे शब्द आणि दहा प्रत्यय यांतून, आधी कुणीच न उच्चारलेलं वाक्य तयार करतात.

एका दिवशी कायद्याच्या दुसऱ्या ओळीशी मी अडखळले. सारखी 'ता ता'च्या जागी 'धा धा' म्हणत होते. सरांनी मला थांबवलं. डावा हात डग्ग्यावरून, म्हणजे जोडीतल्या डाव्या, खालच्या आवाजाच्या वाद्यावरून, उचलला आणि मांडीवर ठेवला. "हे बघा. उजवा हात तोच. जागा तीच, चाट. डग्गा आहे तोवर धा. डग्गा काढला, ता. बाकी काही नाही." त्यांनी वाजवून दाखवलं. धा. ता. धा. ता. उजव्या हाताचं बोट चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, त्याच ठिकाणी पडत होतं, फक्त खालची घुमारेदार 'गे' कधी होती, कधी नव्हती.

मी नकळत स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं: धा. ता. 'धा' म्हणताना बोटाखाली गळा थरथरला. 'ता'च्या आरंभी थरथर नव्हती, ती 'आ' सुरू झाल्यावर आली. मी आयुष्यभर घोष आणि अघोष वर्ण शिकवत आले. द, ध, ग, घ, ब, भ हे घोष, त, थ, क, ख, प, फ हे अघोष. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की गळा हा माणसाचा डग्गा आहे. जीभ आणि ओठ उजव्या हातासारखे आघात करतात, गळा खालून घुमतो किंवा गप्प राहतो. धिं मधून डग्गा काढला की तिं. डग्ग्यावरचा हात उघडा पडला तर गे, दाबून पडला तर के. ज्या कुणी हे बोल पहिल्यांदा तोंडाने म्हटले, त्याने कुठलंही अक्षर उगाच उचललेलं नाही. ज्या आघातात घुमारा आहे त्याला त्याने घोष वर्ण दिला, ज्यात नाही त्याला बहुतेक वेळा अघोष.

घरी येऊन मी जुनी संधीची पानं काढली. वाक् आणि ईश्वरी मिळून वागीश्वरी: 'क'चा 'ग' झाला, डग्गा उघडला. जगत् आणि ईश मिळून जगदीश: 'त'चा 'द'. उलट विपद् आणि काल मिळून विपत्काल: पुढे 'क' येतोय म्हणून 'द'ने आपला डग्गा आधीच आवरून घेतला आणि 'त' झाला. मुलं जे नियम तृतीय-व्यंजन संधी आणि प्रथम-व्यंजन संधी म्हणून घोकतात ते मला तबल्यासारखे ऐकू यायला लागले. आणि वागीश्वरी म्हणजे कोण, तर वाणीची देवता, जिच्या हातात वीणा आहे. बागेश्री रागाचं नाव तिच्यावरूनच आलं असं मानतात.

पुढे मला कळलं, की या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचंही लक्ष गेलं आहे. अनिरुद्ध पटेल आणि जॉन आयव्हर्सन यांनी 2003 साली तबल्याचे उच्चारलेले बोल आणि वाजवलेले आघात यांच्या ध्वनींची तुलना केली. ज्यांचा तबल्याशी कधी संबंध आला नव्हता अशा श्रोत्यांनाही कुठला बोल कुठल्या आघाताचा, हे बऱ्यापैकी जुळवता आलं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "येणारच. कान सगळ्यांना असतात," आणि पुढचा पलटा सांगितला.

हे सगळं मी त्या बँकेतल्या विद्यार्थ्यापाशी नेलं, कारण त्यांची एक अडचण अगदी याच जागी होती. तमिळ लिपीत त आणि द यांना मिळून एकच अक्षर आहे, आणि थ, ध असे महाप्राण तर नाहीतच. त्यामुळे 'दार', 'धार' आणि 'तार' त्यांच्या तोंडी एकमेकांत मिसळत. मी त्यांना म्हटलं, गळ्यावर बोट ठेवा, म्हणा धा, म्हणा ता. त्यांनी म्हटलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, लहानपणी धाकटी बहीण मृदंगम शिकायची, गुरूजी घरी यायचे, हे शेजारी बसून गृहपाठ करायचे. आणि टेबलावर बोटांनी ताल धरून ते म्हणू लागले: तकधिमी, तकधिमी, तकिट, तकिट, तकधिमी. चार, चार, तीन, तीन, चार. 'तक' मध्ये गळा गप्प, 'धिमी' मध्ये घुमारा. लिपीत नसलेला फरक चाळीस वर्षं त्यांच्या तालाच्या कानात ठेवलेला होता. त्या तासाला आम्ही मराठी फारशी केली नाही. पण पुढच्या आठवड्यात ते 'दार उघडा' म्हणाले तेव्हा ते दारच होतं.

आमच्या तबल्याच्या वर्गाच्या भिंतीपलीकडे गाण्याचा वर्ग भरतो. तिथल्या बाई फार कडक. एका संध्याकाळी एक मुलगी भूप राग गात होती, आणि बाई एकदम म्हणाल्या, "थांब. हा देशकार झाला." मुलगी रडवेली झाली. तिचं म्हणणं, सगळे स्वर बरोबर होते. आणि होतेच. भूपात सा रे ग प ध, देशकारातही सा रे ग प ध. एकही स्वर इकडचा तिकडे नाही. पण भूपाचा जीव गंधारात असतो; फिरून फिरून ग वर येऊन तो विसावतो, रात्रीच्या पहिल्या प्रहरी घरी परतून ओट्यावर बसलेल्या माणसासारखा. देशकाराचा जीव धैवतात. तो वरच्या अंगाने चालतो, ध वर उभा राहतो, रिषभाला नुसता स्पर्श करून पुढे जातो, आणि तो सकाळचा राग आहे. मुलगी ध वर जरा जास्त वेळ थांबली होती. एवढंच.

भिंतीला टेकून ऐकताना मला माझा वर्ग आठवला. 'मी त्याला पैसे दिले.' चार शब्द. 'मी' वर जोर दिला तर दुसऱ्या कुणी दिले नाहीत. 'त्याला' वर दिला तर भावाला नाही, त्यालाच. 'पैसे' वर दिला तर धान्य नव्हे. 'दिले' वर दिला तर कुणी तरी दिलेच नाहीत असा आरोप केला आहे आणि आता भांडण व्हायचं आहे. शब्द तेच, क्रम तोच. वादी बदलला आणि राग बदलला. मला वाटतं, भाषा परकी आहे हे सगळ्यात आधी इथे कळतं. चुकीच्या प्रत्ययाने माणूस परका वाटत नाही, लहान मूल वाटतो. चुकीच्या जागी थांबला की तो परका वाटतो, किंवा उद्धट वाटतो, आणि ते वाटणं फार अन्याय करतं.

भातखंड्यांची इथे आठवण होते. पेशाने वकील असलेल्या या माणसाने देशभर हिंडून, उस्तादांच्या पायाशी बसून, चिजा गोळा केल्या, दहा थाटांत, म्हणजे स्वरांवरून केलेल्या दहा गटांत, राग लावून दाखवले, आणि 1910 पासून 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' चे भाग मराठीत लिहिले. ते लिहिले कसे, तर गुरू आणि शिष्य यांच्या संभाषणाच्या रूपात. शिष्य शंका काढतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा विचारतो. संगीताचं व्याकरण सांगायला त्यांना बोलणंच जवळचं वाटलं. पण रागाची सगळी माहिती दिली तरी तो गळ्यातून ऐकावा लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून त्यांनी चिजांचे संग्रह स्वतंत्र काढले. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, त्याच्या आधी कित्येक शतकं लोक मराठीत रडत होते, भांडत होते, ओव्या रचत होते. व्याकरण मागून येतं. ते आलं नाही तर चालत नाही असंही नाही, पण आलं की मुक्कामाला आलेल्या माणसाला घरात शिरायला दार मिळतं. माझं पोट त्या दारावर चालतं, म्हणून मी त्याला कमी लेखणार नाही.

मुळात चाल आधी येते, याचा एक पुरावा मला फार हलवून गेला. जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या कॅथलीन व्हेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली 60 नवजात बाळांचं रडणं तपासलं, 30 फ्रेंच घरांतली, 30 जर्मन घरांतली, जेमतेम काही दिवसांची. फ्रेंच बाळांचं रडणं खालून वर चढत होतं, जर्मन बाळांचं वरून खाली उतरत होतं, त्यांच्या त्यांच्या भाषेतल्या वाक्यांसारखं. पोटात असताना पाण्यातून आणि कातड्यातून गाळून बाळापर्यंत पोचतो तो शब्द नसतो. पोचतो तो हेल. भिंतीपलीकडून आम्हाला आजीचा पोचायचा तसाच. बाळ एकही शब्द न येता आईची चाल घेऊन बाहेर येतं आणि त्या चालीत रडतं.

मेघालयात, पूर्व खासी डोंगरात, कोंगथाँग नावाचं गाव आहे. तिथे आई प्रत्येक बाळासाठी एक धून रचते आणि तीच त्याची हाक होते. कागदोपत्री नाव असतं, पण रानात, दरीच्या पलीकडे माणसाला बोलवायचं ते त्याच्या धुनेने. हे वाचलं तेव्हा मला आमचा सदाशिव पेठेतला वाडा आठवला. वाड्यात दोन बाळू होते. दिवेलागणीला दोघांच्या आया गॅलरीत येऊन हाका मारायच्या. एकीची हाक 'बाऽ' वर लांबायची आणि 'ळू' ला झपकन उतरायची. दुसरीची उलट, 'बा' तुटक आणि 'ळूऽऽ' वर चढत जाणारी. कुठलाही बाळू कधी चुकीच्या घरी गेला नाही.

साम्याच्या भरात मला एक गोष्ट दडवायची नाही. गाण्याला 'उद्या पाणी येणार नाही' असं सांगता येत नाही. कितीही थोर गायक असो, मारवा रागातून तो मला संध्याकाळची हुरहूर देईल, नळाची वेळ देऊ शकणार नाही. भाषेचं निम्मं काम तिथेच आहे. उलट वीस माणसं एकाच वेळी बोलली तर गोंगाट होतो आणि वीस माणसांनी एकाच वेळी अभंग धरला तर अंगावर काटा येतो. बोलताना एकच वाक्य दोनदा म्हटलं तर समोरचा म्हणतो, "कळलं हो." ख्यालात मुखड्याची एकच ओळ पाऊण तास येत राहते आणि आपण प्रत्येक वेळी समेची वाट बघतो.

डोक्यातही दोघांची घरं अगदी एक नाहीत. मॉस्कोतले संगीतकार व्हिसारियन शेबालिन यांना 1953 आणि 1959 मध्ये पक्षाघाताचे झटके आले. बोलणं आणि बोललेलं समजणं दोन्ही गेलं, वाक्य जुळेना. पण त्यांनी त्यानंतरही संगीतरचना केल्या, आपली पाचवी सिंफनी पुरी केली, आणि 1963 मध्ये ते गेले. शब्दांच्या घराला टाळं लागलं तरी सुरांच्या घरात दिवा होता. दोन घरं, पण मला खात्री आहे, की मधली भिंत एकच आहे आणि ती पातळ आहे.

ती किती पातळ आहे हे कुणालाही घरी बसून बघता येतं. अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच 1995 साली आपलंच बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासत होत्या. त्यातला वाक्याचा एक तुकडा पुनःपुन्हा वाजत राहील असा लावून त्या दुसऱ्या कामाला लागल्या, आणि थोड्या वेळाने त्यांना वाटलं, खोलीत कुणी तरी गातंय. तेच बोलणं, काही न बदलता, आवर्तनाने गाणं झालं होतं. मी हे माझ्या मोबाइलवर करून पाहिलं. आईचा एक जुना निरोप होता: "अगं, डबा विसरलीस का?" पाच-सात वेळा ऐकला तोवर ते आईचं बोलणं होतं. दहाव्या वेळी 'विसरलीस' मधल्या 'ली' वर आवाज चढला तो चढलेला स्वर मला स्वच्छ ऐकू आला, आणि 'का' ला तो सावकाश खाली आला. मी पेटी काढली आणि शोधला. काळी चारच्या आसपास होता तो. आई कधी गायला शिकली नाही. आयुष्यभर ती मला डबा विसरल्याबद्दल याच चालीत विचारत आली, आणि मी ती चाल एकदाही ऐकली नव्हती.

त्या रात्री मी तो निरोप फार वेळ ऐकत बसले.

मार्चमध्ये माझ्या त्या बँकेतल्या विद्यार्थ्याची बदली कोईमतूरला झाली. शेवटच्या तासाला मी काही शिकवलं नाही, आम्ही चहा घेतला. त्यांनी सांगितलं, की ते आजोबा परवा पुन्हा आले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. "या वेळी बसले. बराच वेळ बसले. मुलगा कॅनडात आहे, त्याचं सगळं सांगितलं."

मग ते उठले. दाराशी चपला घालताना थोडे थांबले. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे मी त्यांना दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. तेव्हा ते फार गोंधळले होते. "पण मॅडम, मी तर जातोय. ऐकणाऱ्याला कसं कळणार?" मी तेव्हा म्हणाले होते, म्हणण्यावरून कळतं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं, पण त्या वेळी त्यांच्या 'येतो' मध्ये खरंच येणारा माणूस ऐकू यायचा, ठाम आणि सरळ, जिना चढून वर येणारा.

आता त्यांनी हात जोडले. 'ये' थोडा लांब, 'तो' वर आवाज हलकेच खाली ओघळला आणि सुटला नाही, तिथेच तरंगत राहिला. आणि मग, मी न शिकवलेलं, एक छोटंसं 'हं'.

"येतो हं, मॅडम."

"या," मी म्हटलं.